म्हसोबाचा ओढा नकाशावर आणताना

प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची याचा कच्चा आराखडा, बघायला मी गेले ती खरं म्हणजे आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता किती रुंद होणार हे कळावं म्हणून. हॉलच्या भिंतींवर नकाशे लावलेले, प्रत्येक नकाशासमोर पाच-सहा माणसं आणि सगळ्यांची बोटं आपापल्या गट नंबरावर. आमचा रस्ता सापडला. १८ मीटर. मग डोळे आपोआप ओढा शोधायला लागले. पंचवीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवल्यावर नकाशात आधी पाणी बघायची सवय लागते. वरचा डोंगर हिरवा दाखवला होता, खाली नदी निळी होती आणि मधे सगळं पिवळं, म्हणजे निवासी. म्हसोबाचा ओढा त्या पिवळ्यात कुठेच नव्हता. त्याच्या पात्रावरूनच तो १८ मीटरचा रस्ता काढला होता.

गावाचं नाव आणि कचेरीचं नाव लिहीत नाही. प्रकरण अजून चालू आहे आणि मला कुणाशी भांडायचं नाही, ओढा वाचवायचा आहे. पुण्याच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी जिथं पूर्वी ज्वारी व्हायची आणि आता सोसायट्या उभ्या आहेत, त्यातलंच आमचं एक गाव, एवढं पुरे.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात कुणी विसरलेलं नाही. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबील ओढा त्या रात्री अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागांतून घराघरांत शिरला. शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. सीमाभिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. आमच्याकडे कुणी दगावलं नाही, पण रात्री साडेदहाला म्हसोबाचा ओढा पार्किंगमध्ये होता आणि वॉचमनच्या दोन लेकरांना आम्ही जिन्यावर घेऊन बसलो होतो. सकाळी भिंतीवर चिखलाची रेघ उमटलेली दिसली. जमिनीपासून तीन फूट दोन इंच. मी ती मोजली होती, का ते तेव्हा सांगता आलं नसतं. नकाशासमोर उभी असताना तीच रेघ आठवली. जे पाणी भिंतीवर सही करून गेलं, ते कागदावर नाही, हे काही मला सोसेना.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते शेजारच्या इमारतीतल्या काकांना गाठायचं. ते नगररचना खात्यातून निवृत्त झालेले. मी विचारलं, ‘‘काका, एवढा मोठा आराखडा, याचं पर्यावरण आघात मूल्यांकन झालं असेलच ना? त्यात ओढा आला असेल.’’ ते म्हणाले, ‘‘आराखड्याला ते लागत नाही.’’

मला हे खरंच माहीत नव्हतं. हे मूल्यांकन म्हणजे एखाद्या कामानं आसपासच्या निसर्गावर काय परिणाम होईल ते आधी तपासणं. आपल्याकडे ते चालतं १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार, आणि ते प्रकल्पाचं असतं. खाण, धरण, कारखाना, मोठं बांधकाम. कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्याला पर्यावरण मंजुरीची अट त्यात नाही. त्यातही बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या पुढे गेलं तरच मंजुरी लागते, आणि इमारती, टाउनशिप यांना जनसुनावणीतून वगळलेलं आहे. म्हणजे उद्या त्या पिवळ्या पट्ट्यात दहा इमारती येतील, त्यातल्या काहींचा मूल्यांकन अहवालही होईल, पण आमच्यापैकी कुणाला बोलावून कुणी विचारणार नाही की बाबांनो, इथून पाणी वाहतं का? आणि इमारतीचा अहवाल करणारा सल्लागार जमिनीचा वापर बघणार तो मंजूर आराखड्यातच. तिथं ओढा नसेल तर त्याच्या हिशेबी नाहीच.

‘‘तुझी जी काय जनसुनावणी आहे ती हीच,’’ काका म्हणाले. ‘‘कलम २६. तीस दिवस.’’

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ मधलं हे कलम. प्रारूप प्रसिद्ध झाला की तीस दिवसांत कुणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं. जमिनीचा मालकच असावा लागतो असं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना वाटत होतं की सातबारा नावावर नसेल तर आपलं कोण ऐकणार. माझ्या हातात तेव्हा तेवीस दिवस उरले होते.

पहिला अर्ज मी त्याच रात्री लिहिला. चार पानं. त्यात २०१९ होतं, वॉचमनची लेकरं होती, पेशवाईत आंबील ओढ्याला वळण देऊन पर्वतीखाली तळं बांधलं आणि आज तिथे सारसबाग आहे हेही होतं. काकांनी शांतपणे वाचला आणि परत दिला. ‘‘यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हरकती ऐकणाऱ्या समितीसमोर ढिगानं अर्ज असतात. २०१३ साली पुणे शहराच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ८७ हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. तुझा अर्ज वाचणाऱ्याला एक मिनिट मिळेल. कुठला नकाशा, कुठले गट नंबर, चूक काय, पुरावा काय, बदल काय हवा. मागणी एका वाक्यात.’’

मग पुरावे. मी या कामाला घाबरत होते, आणि हेच सगळ्यात आनंदाचं निघालं.

सगळ्यात आधी सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट. नववीच्या मुलांना मी दर वर्षी समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवते, पण स्वतःच्या गावाची शीट अशी मांडीवर घेऊन कधी बसले नव्हते. पुण्याचा दक्षिण भाग ४७ एफ/१५ या शीटवर येतो. १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दर २० मीटरला एक समोच्चरेषा. डोंगराच्या कुशीत रेषा आत वळतात तिथून आमचा ओढा निघतो. पावसाळी प्रवाह शीटवर काळ्या रेषेनं दाखवतात, तशी त्याची बारीक काळी रेघ स्वच्छ होती, दोन फाटे मिळून एक झालेली, थेट नदीपर्यंत. त्यावर मी ट्रेसिंग पेपर ठेवला, पाणलोटाची हद्द काढली आणि आलेख कागदावर चौकोन मोजले. सतरा. एक चौकोन पाव चौरस किलोमीटरचा, म्हणजे सव्वाचार चौरस किलोमीटर डोंगराचं पाणी या एका ओढ्यात येतं. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तेवढ्या क्षेत्रावर दोन लाख घनमीटरहून जास्त पाणी पडतं. निम्मं मुरलं असं धरलं तरी एक लाख घनमीटर वाहून येणारच. आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात येतो तो टँकर दहा हजार लिटरचा. असे दहा हजार टँकर. हे वाक्य मी अर्जात ठेवलं आणि काकांनीही ते खोडलं नाही.

दुसरा पुरावा भूमी अभिलेखमधून, गाव नकाशाची प्रत. जुन्या नकाशावर दोन रेघांमधे ओढा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गट. त्या गटांचे सातबारे काढले तर त्यातल्या तीन उताऱ्यांवर ओढ्याखालचं क्षेत्र पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वर्ग ‘ब’ म्हणून लावलेलं. याचा अर्थ मोठा आहे. वर्ग ‘ब’ म्हणजे सार्वजनिक उपयोगाची जागा, जसा रस्ता, स्मशान, किंवा मालकाखेरीज इतर लोकही ज्याचं पाणी पितात वा शेतीला घेतात असा ओढा. म्हणजे सरकारनंच कधीतरी मान्य केलेलं होतं की हा ओढा सगळ्यांचा आहे. आणि जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, जे कुणाच्या खाजगी मालकीचे नाहीत, ते राज्य शासनाचे. आपल्या मालकीची वस्तू आपल्याच नकाशावर दाखवायची राहून गेली, एवढंच मला सरकारला सांगायचं होतं.

तिसरा पुरावा म्हणजे ओढा स्वतः.

आबांना मी बरोबर घेतलं. वय ऐंशीच्या पुढे, ओढ्याच्या पलीकडच्या काठावर त्यांची अर्धा एकर उरली आहे, बाकी विकली गेली. दोन रविवार आम्ही खालपासून वरपर्यंत चाललो. माझ्या हातात ३० मीटरची टेप, दुसरं टोक आबांच्या हातात. आबा मला पहिल्या दिवसापासून बाईच म्हणतात. ‘‘बाई, ह्यो वढा काय आजचा हाय व्हय? माझी आजी हितं गोधड्या धुवायची. ह्या दगडावर.’’ दगड अजून आहे. त्याच्या वरच्या अंगाला घासून घासून आलेला गुळगुळीत खळगा आहे, तळहात बरोबर बसतो. मी त्यावर टेप ठेवून फोटो काढला, पुराव्यांच्या यादीत क्रमांक नऊ.

काठानं करंज आणि जांभूळ, दोन ठिकाणी वाळुंज, आणि म्हसोबापाशी मोठा उंबर. उंबराखाली ओढ्याची रुंदी ११.४० मीटर भरली, खोली दीड मीटरच्या आसपास. कडा उतरत्या धरल्या तरी पाण्याला तिथे बारा चौरस मीटरची वाट आहे. तिथून तीनशे पावलं खाली एका प्लॉटवाल्यानं राडारोडा आणि मुरूम टाकून येण्याजाण्यापुरता रस्ता केलाय आणि त्याखाली पाण्यासाठी सिमेंटचे दोन नळे घातलेत. व्यास ९० सेंटिमीटर. दोन्हींचं तोंड मिळून सव्वा चौरस मीटर. बाराचं सव्वा! २०१९ ची तीन फूट दोन इंचाची रेघ का आली त्याचं उत्तर मला त्या नळ्याशी उकिडवं बसल्यावर मिळालं. नळ्याच्या आत प्लास्टिक, नारळाची शेंडी आणि एका पोत्याचा बोळा अडकला होता, आणि त्याच्या आडोशाला एक खेकडा. आबांनी काठीनं बोळा ओढला तेव्हा मागे साठलेलं पाणी भसकन पुढे गेलं.

सात ठिकाणी रुंदी मोजली, प्रत्येक ठिकाणचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर घेतले आणि वहीत उतरवले.

दुसऱ्या रविवारी आबांचा पुतण्या आला. रागावलेला होता, पण तोंडानं वाईट बोलला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. ‘‘मॅडम, तुम्ही सोसायटीत राहता. तुमचं घर झालं. आमचा पट्टा पिवळा झाला तर चार पैसे येतील. तुमच्या ओढ्यामुळं दोन्ही काठ सोडावे लागले तर आमच्या हातात काय? डोंगरवाल्यांचं काय झालं बघा.’’ तो बोलत होता जैवविविधता उद्यानाबद्दल. १९९७ साली पुणे महापालिकेत आलेल्या तेवीस गावांतल्या डोंगरांवर सुमारे ९७६ हेक्टरचं ते आरक्षण. राज्य सरकारनं मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरवला तो २०१५ मध्ये, आणि जमीनमालकांना तो कधीच पुरेसा वाटला नाही. आजही ती टेकडी ना पुरती उद्यान झाली, ना मालकाची राहिली.

मी त्याला काय सांगणार होते? निसर्ग वाचला पाहिजे, हे? ते त्यालाही कळतं. त्याच्या पणजीनं त्याच दगडावर गोधड्या धुतल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण ज्याला पर्यावरणरक्षण म्हणतो त्याची किंमत काठावरच्या अर्ध्या एकरवाल्यानं एकट्यानं का भरायची, आणि डोंगर कापून बांधलेल्या इमारतीत राहणाऱ्या आम्ही नुसती सही का करायची? मला हे अन्यायाचं वाटतं, आणि अर्जात ते आलंच पाहिजे असं मी ठरवलं. शेवटी मागणी दोन वाक्यांची झाली. ओढा त्याच्या प्रत्यक्ष रुंदीसह दाखवावा आणि रस्ता पात्राबाहेर घ्यावा. काठाची जी जमीन मोकळी ठेवावी लागेल तिचा टीडीआर मालकांना मंजुरीबरोबरच द्यावा. काका म्हणाले, दुसरं वाक्य धोरणाचं आहे, समितीच्या हातात नाही. तरी ठेवलं. पुतण्यानं सही केली नाही. आबांनी अंगठा दिला, आणि मग म्हणाले सहीबी येते, आणि सहीही केली.

अर्ज दोन पानांचा, सोबत चौदा सहपत्रं. दोन प्रती, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. ही पोच जपून ठेवा, एवढं मी प्रत्येकाला सांगते. सोसायटीतल्या प्रत्येक कुटुंबानं सामायिक पत्रावर सही करण्याऐवजी आपापला वेगळा अर्ज दिला, कारण सुनावणीला ज्याचा अर्ज त्यालाच बोलावणं येतं.

बोलावणं यायला सात महिने गेले.

सुनावणी घेते ती नियोजन समिती, कलम २८ खाली. महापालिका असेल तर स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ, ज्यांना नगररचनेचं किंवा पर्यावरणाचं किंवा दोन्हींचं ज्ञान असावं असं कायदाच म्हणतो. बाहेर व्हरांड्यात शंभरेक माणसं असतील. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, नऊवारी, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत सातबारे. त्यांच्या वीस गुंठ्यांवर बागेचं आरक्षण पडलेलं. ‘‘बाग कुनासाठी? आमी कुठं जायाचं?’’ त्यांचा नंबर माझ्या आधी होता आणि त्या चार मिनिटांत बाहेर आल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘लिवून घेतलं म्हनं.’’

मला अकरा मिनिटं मिळाली. मी बोलण्याआधी ट्रेसिंग पेपर काढला आणि त्यांच्याच प्रारूप नकाशावर ठेवला. प्रमाण आधी जुळवून घेतलं होतं. काळी रेघ बरोबर १८ मीटर रस्त्यावर बसली. एक सदस्य खुर्चीवरून उठून टेबलाशी आल्या, वाकून बघत राहिल्या. त्यांनी विचारलं, ‘‘वर्ग ब कुठे लिहिलंय?’’ मी उतारा दिला. दुसऱ्यांनी विचारलं, पाणी बारा महिने असतं का? मी खरं सांगितलं, नाही, मार्चपर्यंत. पण ज्या दोन तासांत माणसं मरतात ते दोन तास त्याला पुरतात. आबांना मी बरोबर नेलं होतं. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नाही, तरी ते म्हणाले, ‘‘साहेब, पान्याला वाट ठिवा.’’

पूर्वी एकदा दगडखाणींच्या एका जनसुनावणीला मी श्रोता म्हणून गेले होते. तिथं शेवटी कामकाजाचा गोषवारा मराठीत वाचून दाखवला होता, नियमच तसा आहे. इथं मी काय बोलले त्यातलं काय लिहिलं गेलं ते माझ्यासमोर कुणी वाचलं नाही. म्हणून घरी येताच सुनावणीतले मुद्दे एका पानावर लिहून दुसऱ्या दिवशी आवकला दिले. पुन्हा शिक्का. काका म्हणाले, हे मी सांगायला विसरलो होतो, तू बरोबर केलंस.

वर्षभर काही कळलं नाही. मग फेरबदलांची सूचना प्रसिद्ध झाली. फेरबदल मोठ्या स्वरूपाचे असले तर कलम २९ प्रमाणे त्यांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. मी नकाशासमोर गेले तेव्हा पाय थोडे थरथरत होते. ओढा होता. निळी रेघ, दोन्ही फाट्यांसह, म्हसोबापासून नदीपर्यंत. रस्ता चाळीस मीटर पूर्वेला सरकवलेला. मी तिथेच उभी राहून आबांना फोन लावला आणि मला बोलता येईना.

मग पट्टी काढून मोजलं. नकाशावर ओढ्याची रुंदी सगळीकडे सारखी, ४ मीटर. म्हणजे उंबरापासून तीनशे पावलं खाली जिथं भराव घालून त्याला आवळलाय, ती अडचणीतली रुंदीच त्याची रुंदी म्हणून कायम झाली. उद्या ११.४० मीटरच्या जागेतले सात मीटर कायदेशीरपणे भरता येतील. मोबदल्याबद्दल एक अक्षर नाही.

दुसरी हरकत दिली आहे. सात ठिकाणच्या रुंदीचा तक्ता, अक्षांश-रेखांश, फोटो, सगळं पुन्हा जोडलं. या वेळी आबांच्या पुतण्यानंही स्वतःचा अर्ज दिला, फक्त मोबदल्याचा. तो मीच टाइप करून दिला.

सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. गेल्या रविवारी आबांबरोबर उंबराखाली पुन्हा टेप धरली. १०.६५ भरली. पलीकडच्या काठाला कुणीतरी मुरमाच्या दोन गाड्या रिकाम्या केल्या आहेत, उंबराची मुळं अर्धी झाकली गेलीत. फोटो काढला, तारीख-वेळेसह, टेप फोटोत दिसेल असा. सोमवारी शाळेतून लवकर निघून पुरवणी अर्ज देऊन आले. पोच फाइलला लावली आहे.